तवा न मांडता

पुण्या-मुंबईच्या वाण्याकडे ‘एमपी सिहोर’ अशी पाटी खोचलेला गहू असतो, बाकीच्या गव्हांपेक्षा महाग. माझ्या पुण्याच्या भाचेसुनेला त्याचं फार कौतुक. सिहोर जिल्हा आमच्या शेजारचाच. देवासहून भोपाळच्या रस्त्याला लागलं की कालीसिंधच्या काठी आमचं सोनकच्छ येतं, आणि त्यापुढचं मोठं गाव आष्टा, ते सिहोर जिल्ह्यात. तिथल्या शरबती गव्हाला 2023 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच्या पोळ्या सुरेख होतात, वाद नाही. पण भाचेसून फोनवर म्हणाली, “मामी, उद्या याचेच बाफले करते,” तेव्हा मी म्हटलं, “कर बाई, पण बाफले म्हणून कुणाला वाढू नकोस.”

बाफल्याला गहू लागतो तो मालवी. लांबट, टणक, कडेनं पाहिला तर काचेसारखा पारदर्शक दिसणारा. शास्त्रातलं त्याचं नाव ड्यूरम, आणि इटलीत ज्याचा पास्ता करतात तो हाच. इंदूरच्या मंडीचे भाव वाचा, लोकवन, पूर्णा आणि मालवराज अशा ओळी दिसतील. त्यातला मालवराज हा या कठीण गव्हाचा. इंदूरला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र 1951 पासून आहे. तिथल्या लोकांनी या गव्हावर आयुष्यं घालवली, ‘पोषण’सारखे वाण काढले. या गव्हाच्या पिठाला जात्याच पिवळसर झाक असते आणि त्याची कणीक ओढली तर ताणली जाण्याऐवजी तुटते. पोळीला तो म्हणूनच नको. लाटताना अडतो आणि पोळी गार झाली की चिवट होते. बाटीला मात्र तुटणंच हवं असतं. बोटानं दाबली की जिचा भुगा होत नाही ती बाटी कसली!

माझं माहेर धारचं, सासर सोनकच्छचं. दोन्हीकडे घरात मराठी, अंगणाबाहेर माळवी. सासऱ्यांचे वडील ग्वाल्हेर संस्थानाच्या नोकरीत इकडे आले. देवास पवारांचं, थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात. सोनकच्छ मात्र शिंद्यांच्या मुलखातलं. पेन्शन झाली, संस्थानं गेली, माणसं इथंच राहिली. आमच्या स्वयंपाकघरात पुरणपोळी आणि बाफला एकाच फळीवर आहेत. गोवरीला आम्ही कंडा म्हणतो, आणि पुण्याचे पाहुणे हसले तरी म्हणतो.

ज्यांनी बाफला पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जाडसर कणकेचा गोळा आधी हळदीच्या पाण्यात उकळायचा, मग निखाऱ्यांवर भाजायचा, मग फोडून तुपात बुडवायचा. न उकळता नुसता भाजला तर ती बाटी. बरोबर तुरीची दाल, कढी, हिरव्या मिरचीची चटणी, कांदा, लिंबू आणि शेवटी लाडू. सगळ्या खटाटोपात तव्याला काम नाही.

आता दळण. माझं ठाम मत आहे की बाफला चुलीवर बिघडत नाही, चक्कीवर बिघडतो. चक्कीवाल्याला “मोटा पीसना, बाटी का” असं सांगावं लागतं. त्यासाठी त्याला दगड जरा सैल करावे लागतात. गर्दीच्या वेळी तो कुरकुरतो, म्हणून आम्ही दुपारी दळण नेतो, मक्याचं दळण आटोपल्यावर. पीठ चिमटीत घेतलं तर बारीक रव्यासारखं टोचलं पाहिजे. पोळीच्या पिठासारखं मऊ लागलं तर घरी आणून त्याच्या पोळ्याच कराव्यात.

हा हट्ट उगीच नाही. गहू फार बारीक दळला की पिठातल्या स्टार्चचे कण फुटतात, आणि फुटलेला कण अख्ख्या कणापेक्षा बराच जास्त पाणी पितो. मग कणीक मळायला जास्त पाणी मागते आणि ते पाणी जाड गोळ्यातून भाजताना बाहेर पडू शकत नाही. वरून खरपूस आणि आतून लगदा, असा बाफला त्यातून निघतो. पातळ पोळीतलं पाणी तव्यावर क्षणात वाफ होऊन निसटतं, म्हणून तिला बारीक पीठ चालतं, उलट तेच लागतं. शहरातल्या पिशवीबंद आट्याचे बाफले का बसत नाहीत याचं उत्तर एवढंच आहे. माझ्याकडे जाडं पीठ नसलं तर मी निम्मा रवा मिसळते. अगदी तसंच होत नाही, पण दातांना खोटं वाटत नाही.

प्रमाण विचारतात म्हणून सांगते. जाडं गव्हाचं पीठ अर्धा किलो, त्याला मक्याचं पीठ सव्वाशे ग्रॅम. मका नसला तरी चालतं, असला तर खुसखुशीत होतं. मोहनाला शंभर ग्रॅम तूप, मीठ, चमचाभर ओवा हातावर चोळून, अर्धा चमचा हळद. चिमूटभर सोडा बहुतेक घरांत घालतात. काही जणी दोन चमचे दही. तूप पिठाला चोळून मूठ आवळली तर मूठ टिकली पाहिजे, ही खूण तराजूपेक्षा खरी. पाणी कोमट आणि थोडं थोडं. कणीक पुरीच्या कणकेहून घट्ट ठेवायची. अर्धा तास झाकून मग लिंबाहून मोठे गोळे करायचे, आणि प्रत्येक गोळ्याला मधोमध अंगठ्यानं खळी द्यायची. त्या खळीमुळे मधला जाड भाग पातळ होतो आणि उष्णता आतपर्यंत पोचते.

मोठ्या पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आली की हळद घालून गोळे सोडायचे. आधी ते तळाशी बसतात. पंधरा-वीस मिनिटांत वर येऊन तरंगतात. तेव्हा काढायचे, कापडावर पसरायचे आणि पंख्याखाली कोरडे होऊ द्यायचे. घाई करणारे इथं घाई करतात. ओला बाफला निखाऱ्यावर ठेवला तर राख पुटासारखी चिकटते आणि मग कितीही झटका.

उकळणं हा नुसता रिवाज नाही. साधारण साठ अंशांच्या वर गेलं की गव्हातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि चिकटतो. बाहेरच्या थरात हे आधीच झालं की गोळ्याला एक ताणदार कातडी येते. पुढे भाजताना ती लगेच चिरफाळत नाही, आधी तांबूस होते, आणि आतला भाग मऊ राहतो. पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांची बेगल नावाची पावाची कडी अशीच आधी उकळून मग भट्टीत जाते. ती आणि आमचा बाफला यांची ओळख नाही, पण दोघांनाही ही गोष्ट आपापली कळली.

उकळण्याचा एक तोटाही आहे, आणि त्यावरून मला बाटी-बाफल्याचा स्वभाव उलगडतो. बाफल्यात पाणी जास्त, म्हणून तो दुसऱ्या दिवशीच शिळा वाटतो. बाटी कोरडी, ती दोन-तीन दिवस फडक्यात सहज राहते. म्हणून वाटेला बाटी आणि पंगतीला बाफला. इथं लग्न असो, गंगापूजन असो, तेराव्याचं जेवण असो, पत्रावळीवर बाफलाच येतो. हजार माणसांना पोळ्या लाटायच्या तर शंभर हात लागतील. बाफले मात्र दहा माणसं पहाटे उकळून, दहा वाजता जगऱ्यावर टाकून मोकळी होतात.

जगरा म्हणजे कंड्यांचा पेटवलेला ढीग. याचं शास्त्र मी सासूबाईंकडे पाहून शिकले, आणि सासूबाई ते बोलून सांगत नसत. थापलेल्या कंड्यांपेक्षा रानात आपोआप वाळलेली शेणी चांगली, मराठीत आपण तिला रानशेणी म्हणतो, ती हलकी असते आणि एकसारखी जळते. कंडे उभे रचायचे, मधे हवेला वाट ठेवायची, एका बाजूनं पेटवायचे. धूर निघतोय तोवर जवळ जायचं नाही. ज्वाळा बसली, ढीग ढासळला आणि निखाऱ्यांवर पांढरी राख चढली की मग काम सुरू. लाल निखाऱ्यावर ठेवलेली बाटी बाहेरून कोळसा होते. राखेचा थर मधे असला की आच अडते, मुरते आणि हळूहळू पोचते.

बाटी आधी वरच्या वर फिरवून चारी बाजूंनी रंग आणायचा. मग निखारे एका बाजूला सारून बाटी गरम फुफाट्यात पुरून टाकायची आणि वर पुन्हा फुफाटा. वीसेक मिनिटं तिकडे ढुंकूनही पाहायचं नाही. पुरुषमंडळींना हे जमत नाही, ते काठीनं उकरत राहतात. बाफल्याला पुरण्याची गरज नसते, तो आतून अर्धा शिजलेलाच असतो. त्याला फक्त तडा जाईपर्यंत भाजायचं. वरची साल तडकली की तो झाला. तो तडा हवाच, कारण तूप तिथूनच आत जातं.

मग राख झटकायची. आमच्याकडे जाड धोतराचं फडकं असतं, त्यात आठ-दहा बाफले घालून दोघांनी दोन टोकं धरून झोके द्यायचे. राख खाली, बाफले वर. तुपाचं पातेलं चुलीच्या कडेला कोमट ठेवलेलं असतं. बाफला दोन्ही तळव्यांत दाबून उमलवायचा आणि तुपात सोडायचा. तूप किती? तुपाचा हिशेब करणाऱ्यानं त्या दिवशी खिचडी करावी. मला डॉक्टरांनी दोन बाफल्यांची हद्द घालून दिली आहे, ती मी पाळते, पण लाडू त्या हद्दीत धरत नाही.

दालीच्या बाबतीत आमचं घर माळव्यापासून थोडं फुटलेलं आहे. शेजारी तुरीच्या दालीला लसूण, लाल मिरची आणि तुपाची खमंग फोडणी देतात. आम्ही हिंग, जिरं, चिंच, गूळ. गोडा मसाला बाफल्याच्या दालीत घालू नये असं माझं मत आहे, सासूबाईंचं नव्हतं. शेजारच्या भाभी पहिल्यांदा जेवल्या तेव्हा म्हणाल्या, “काकी, दाल में गुड़?” आणि वाटी पुढे केली.

बाटी भाजण्याचा सगळ्यात जुना प्रसंग मला वाटतो तो पावसाचा. आषाढ कोरडा गेला, सोयाबीन पिवळं पडायला लागलं की गावं ‘उज्जैनी’ करतात. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. सगळा गाव शिवारात, नदीकाठी, झाडाखाली जाऊन स्वयंपाक करतो आणि तिथंच जेवतो, इंद्राला साकडं म्हणून. त्या दिवशी दाल-बाटीच. दुसरं काय करणार? पोळपाट नको, लाटणं नको, तवा नको. परात, पीठ आणि कंडे एवढंच बैलगाडीत घातलं की झालं. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालतात. नदीकाठावर ठिकठिकाणी जगऱ्यांचा निळसर धूर उठतो. पुढे पाऊस पडतो किंवा पडत नाही. पण बाटी कुणाची कच्ची राहिली याची चर्चा दिवाळीपर्यंत पुरते.

राजस्थानवाले सांगतात की सैनिक सकाळी कणकेचे गोळे तापल्या वाळूत पुरून लढाईला जात आणि संध्याकाळी भाजलेल्या बाट्या काढून खात. असेल. पण सहारात फिरणारे तुआरेग लोकही वाळू तापवून तिच्यात आपली तगेला भाकरी पुरतात, आणि ऑस्ट्रेलियातले गुराखी राखेत डँपर भाजत. ज्याच्याजवळ पीठ आहे, विस्तव आहे आणि भांडं वाहायला खांदा रिकामा नाही, तो जगात कुठंही याच वाटेनं येणार. त्याला लढाईच लागते असं नाही.

आपल्या मराठी मुलखातही ही भावंडं पसरलेली आहेत, फक्त पोळीनं त्यांना मागं सारलं. सेंधव्याचा घाट उतरून खानदेशात गेलं की बाफल्याची सख्खी बहीण भेटते, बट्टी. जळगाव-धुळ्याकडे वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी हा लग्नाच्या आदल्या-मागल्या दिवसाचा बेत. तिथं गोळे उकडतात किंवा वाफवतात, कापून फोडी करतात आणि तुपात किंवा तेलात तळतात. म्हणजे आमचा अर्धा विधी पाळला आणि जगऱ्याच्या जागी कढई आली. खानदेशी माणसाला हे मी एकदा बोलून दाखवलं तर तो म्हणाला, की माळव्यानंच तळायचं सोडून दिलं असणार!

विदर्भात रोडगे. एकनाथांच्या भारुडामुळे हे नाव साऱ्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, पण पश्चिम महाराष्ट्रातल्या किती जणांनी तो खाल्ला असेल, शंकाच आहे. रोडग्याचं कसब पदरांत आहे. कणकेच्या लहान लहान पाऱ्या करायच्या, त्यांना तेल लावून एकावर एक रचायच्या, मग सगळ्यांना मिळून एक गोळा बांधायचा आणि गोवऱ्यांवर भाजायचा. फोडला की आत पापुद्रे सुटतात. नवसाला, शेतातल्या देवाला, वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर. तेलामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत आणि प्रत्येक पदरात अडकलेली वाफ गोळ्याला आतून शिजवते. आम्ही पाण्यात उकळून जे साधतो ते त्यांनी पदरांनी साधलं. मला विचाराल तर चवीला बाफला वर, कौशल्याला रोडगा वर.

आणि माझ्या माहेरचा पानिया. धार, झाबुआ, अलीराजपूर हा भिलांचा मुलूख. तिथं गव्हापेक्षा मका पिकतो, आणि मक्याला गव्हासारखा चिकटपणा नाही; गोळा करून निखाऱ्यावर ठेवलात तर तडकून राखेत मिसळेल. म्हणून पान. मक्याचं पीठ, मीठ, थोडं तूप किंवा दूध, कोमट पाण्यात थापण्याजोगं मऊ भिजवायचं. पळसाच्या पानावर जाडसर थापायचं आणि वर दुसरं पान. आम्ही पळसाला खाकरा म्हणतो. काही ठिकाणी रुईची पानं घेतात, पण रुईचा चीक विषारी, जाणत्या हाताशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. पानांची ही जोडी कंड्यांच्या निखाऱ्यांच्या मधे ठेवायची. पान जळत जातं, पण त्यातला ओलावा आधी वाफ होतो आणि पीठ त्या वाफेत शिजतं. पान पुरतं करपेपर्यंत आतली भाकरी धरलेली असते, मग ती स्वतःच्या जिवावर खरपूस होते. वर पानाच्या शिरांची नक्षी उमटते. उडदाच्या दालीबरोबर खायचं. मांडूला पावसाळ्यात फिरायला जाणाऱ्यांना हे दाल-पानिये मिळतात. कोकणातली पानगी हीच युक्ती करते, तांदळाच्या पिठाला केळीचं पान, फक्त ती तव्यावर.

भादव्यात नवा मका आला की आम्ही धारला अंगणात पानिये करायचो. आई मराठी पद्धतीनं त्याबरोबर मेथकूट-दही वाढायची, आणि आमच्याकडे कामाला येणारी भिलाळा बाई ते पाहून तोंडाला पदर लावायची.

आता फ्लॅटमधल्यांसाठी. कंड्यांचा धूर घरात कोंडू नका, खिडकी उघडी असली तरी नको. तो डोळ्यांना आणि छातीला वाईट, हे आमच्या सगळ्या जुन्या बायकांचे डोळे सांगतात. अंगण नसेल तर इंदूर-देवासकडे घरोघरी गॅसवर ठेवायचा जाळीचा, घुमटासारख्या झाकणाचा तंदूर असतो, तो उत्तम. बारीक आच, झाकण लावलेलं, दर पाच-सात मिनिटांनी फिरवणं. विजेच्या ओव्हनमध्ये उकळलेले, कोरडे केलेले बाफले 200 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, मग उलटून 180 वर आणखी तितकाच वेळ. तडा जाईपर्यंत, घड्याळाकडे नका बघू. पुष्कळ जण अप्पेपात्रात करतात, दोन माणसांना तेही पुरतं, पण गोळे लहान ठेवावे लागतात. धुराचा वास मात्र यातल्या कशानंच येत नाही. तापल्या कोळशावर तूप सोडून पातेल्यात धूर कोंडणारे आहेत. तो वास वेगळा, ढाब्याचा. मला आवडत नाही.

भाचेसुनेला मी शेवटी इथून पाच किलो मालवराज दळून पाठवला, जाड. तिनं ओव्हनमध्ये केले. फोटोत तडे बरोबर आलेले दिसत होते. तिची तक्रार एवढीच की फार उरले. उरलेल्या बाफल्यांबद्दल आमच्याकडे दोन मतं आहेत. मी ते हातानं चुरून, तुपावर परतून, पिठीसाखर आणि वेलदोडा घालून चुरमा करते. माझी धाकटी जाऊ कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वरून दाण्याचं कूट आणि लिंबू पिळून कुस्करा करते, पोळीच्या कुस्कऱ्यासारखाच. मुलं तिच्याकडे जातात.